क्षयाच्या जंतूची साक्ष

ट्रॉम्बेच्या टेकडीच्या एका बाजूस देशातील अणुविज्ञानाचे सर्वांत मोठे केंद्र आहे आणि दुसऱ्या बाजूस चिता कॅम्प, मानखुर्द, गोवंडी व देवनारच्या वस्त्या आहेत. एका बाजूस पदार्थाच्या अंतरंगाचा वेध घेणारी बुद्धी, तर दुसऱ्या बाजूस मुंबई महानगरपालिकेच्या २००९ च्या मानवी विकास अहवालात शहरातील सर्वांत खालच्या पायरीवर नोंदला गेलेला एम पूर्व विभाग. या दोन जगांमध्ये एक भिंत आहे. परंतु क्षयरोगाच्या जंतूने ही भिंत मानलेली नाही, आणि आता विज्ञानानेही ती ओलांडण्यास सुरुवात केली आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळ येथील प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी मुंबईतील फुप्फुसाच्या क्षयरुग्णांकडून मिळालेल्या जंतूंचे प्रकार तपासून २००५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमध्ये एका विशिष्ट वंशाचे प्रमाण मोठे असल्याचे दाखविले. पुढे वरळीच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चने जर्मनीतील बोर्स्टेल संशोधन केंद्र व इतरांच्या साह्याने जंतूच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन करून २०२२ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाचे चित्र मांडले. या सर्व संशोधनाचे तात्पर्य केवळ वैद्यकापुरते नाही. ते घरबांधणीचे आहे, औषधधोरणाचे आहे आणि म्हणूनच राजकारणाचे आहे. कार्यकर्त्यांनी ते समजून घेतले पाहिजे.

क्षयाच्या जंतूचा जनुकसंच म्हणजे सुमारे ४४ लाख अक्षरांचा एक ग्रंथ होय. ब्रिटनमधील सँगर केंद्र व पॅरिसची पाश्चर संस्था यांनी तो १९९८ मध्ये प्रथम संपूर्ण वाचला. इतर अनेक जंतू एकमेकांकडून जनुके उसनी घेतात. क्षयाचा जंतू तसे करीत नाही. त्याच्या ग्रंथात बदल होतो तो नक्कल करताना झालेल्या चुकांमुळे, आणि तोही अत्यंत सावकाश : सरासरीने दोनतीन वर्षांत एखादे अक्षर. एकदा झालेला बदल पुढच्या पिढ्यांत तसाच उतरतो. त्यामुळे निरनिराळ्या रुग्णांच्या जंतूंचे ग्रंथ शेजारी ठेवून वाचले, तर त्यांची वंशावळ मांडता येते. ब्रिटनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये त्यासाठी एक ढोबळ मोजमाप सुचविले : दोन रुग्णांच्या जंतूंत पाच किंवा त्याहून कमी अक्षरांचा फरक असेल तर संसर्ग अलीकडचा व एकमेकांशी जोडलेला मानावा, बारांहून अधिक फरक असेल तर तसा संबंध बहुधा नसतो.

अशा वाचनातून मानवी क्षयजंतूच्या अनेक वंशशाखा ठरविण्यात आल्या आहेत. दक्षिण भारतात पहिली शाखा प्रबळ आहे, उत्तर भारतात तिसरी. मुंबई हे बंदर, गिरण्या आणि स्थलांतर यांनी घडविलेले शहर असल्याने येथे जवळजवळ सर्वच शाखा नांदतात. जंतूंत असा फरक असतो याची जाणीव मात्र या देशाला फार जुनी आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या मद्रासच्या क्षयरोग उपचार संशोधन केंद्रातील रुग्णांचे अनेक जंतू गिनीपिगमध्ये ब्रिटनमधील जंतूंइतके मारक ठरत नाहीत, हे १९६० च्या सुमारासच ध्यानात आले होते. नव्वदीच्या दशकात जगभर रूढ झालेली जंतूच्या ठशांची एक पद्धत दक्षिण भारतात लंगडी पडली, कारण ती ज्या खुणेवर अवलंबून होती ती खूण तेथील पुष्कळ जंतूंत एकदाच आढळते किंवा मुळीच आढळत नाही. परदेशातून आणलेली फूटपट्टी येथील वास्तव मोजण्यास पुरत नाही, हा धडा समाजशास्त्राप्रमाणेच जंतुशास्त्रालाही घ्यावा लागला. म्हणूनच मुंबईच्या जंतूंचे वाचन मुंबईतच होणे ही शास्त्रज्ञांची हौस नसून सार्वजनिक गरज आहे.

औषधांना दाद न देणारा क्षय निर्माण कसा होतो, या प्रश्नाचे शासनाने आणि सुशिक्षित समाजाने अनेक दशके एकच उत्तर दिले : रुग्ण गोळ्या अर्धवट टाकतो. दवाखान्याच्या भिंतीवरील फलकापासून मंत्र्यांच्या भाषणापर्यंत हेच ऐकू येते. या उत्तरात सत्याचा एक अंश आहे, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. रुग्णाच्या फुप्फुसात कोट्यवधी जंतू असतात. त्यांपैकी काहींत योगायोगाने असा बदल झालेला असतो की एखादे औषध त्यांच्यावर चालत नाही. रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाच्या बाबतीत हा बदल बहुतेक वेळा एका जनुकातील ८१ अक्षरांच्या छोट्याशा पट्ट्यात असतो. औषधे अपुरी किंवा चुकीची पडली की साधे जंतू मरतात आणि बदललेले जंतू रान मोकळे मिळून वाढतात. प्रतिकार प्रथम जन्मतो तो असा.

परंतु जन्म वेगळा आणि प्रसार वेगळा. प्रत्येक रुग्णाने आपल्याच हलगर्जीपणाने आपला प्रतिरोधक जंतू घडविला असता, तर प्रत्येकाच्या जंतूचे ग्रंथ निरनिराळे निघाले असते आणि प्रतिकाराचे बदल वेगवेगळ्या वंशांत विखुरलेले आढळले असते. २०२२ च्या अभ्यासात मुंबई महानगर प्रदेशात दिसले ते याच्या उलट. रिफाम्पिसिन व आयसोनियाझिड या दोन्ही मुख्य औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमध्ये फ्लुरोक्विनोलोन गटातील औषधांनाही प्रतिकार करणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे, आणि दुसऱ्या वंशशाखेतील काही मोजकी, एकमेकांशी जवळचे नाते असलेली कुळे या वाढीच्या मुळाशी आहेत. याचा सरळ अर्थ असा की ज्याने या औषधांची एकही गोळी कधी घेतलेली नाही अशा माणसालाही पहिल्याच श्वासाबरोबर औषधांना पुरून उरणारा जंतू मिळतो. २०१४ ते २०१६ या काळातील राष्ट्रीय पाहणीतही पूर्वी कधीही उपचार न घेतलेल्या रुग्णांपैकी २.८४ टक्क्यांना दोन्ही मुख्य औषधांना दाद न देणारा क्षय असल्याचे आढळले होते. या माणसांनी कोणती गोळी चुकविली होती? जंतूच्या ग्रंथाने दिलेली साक्ष स्पष्ट आहे : आरोपीच्या पिंजऱ्यात रुग्णाला उभे करण्याचा काळ संपला आहे.

मग त्या पिंजऱ्यात कोणाला उभे करावयाचे? पहिले नाव शासनाच्या औषधयोजनेचेच घ्यावे लागेल. पहिला उपचार फसलेल्या रुग्णाला पूर्वीच्याच औषधांत स्ट्रेप्टोमायसिन या एकाच औषधाची भर घालून पुन्हा उपचार देण्याची पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात वर्षानुवर्षे चालली. फसत असलेल्या उपचारात एकेकच औषध वाढवू नये, कारण त्याने जंतूला त्या औषधाचाही प्रतिकार शिकविला जातो, हा क्षयवैद्यकातील प्राथमिक नियम होता. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत २०१७ मध्ये मोडीत काढली. आठवड्यातून तीनच दिवस गोळ्या देण्याच्या पद्धतीऐवजी रोज गोळ्या देण्यासाठीही सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाने केंद्र सरकारला बदल करण्यास सांगितले, तेव्हा तो झाला.

दुसरे नाव अनिर्बंध खाजगी वैद्यकव्यवसायाचे. धारावीतील सुमारे शंभर खाजगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० निरनिराळ्या प्रकारची औषधयोजना लिहून दिल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते. डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तोच प्रश्न १०६ डॉक्टरांना पुन्हा विचारला. ६३ प्रकारची उत्तरे आली आणि बरोबर उत्तर देणारे अवघे ६ निघाले. वीस वर्षांत उदारीकरण आले, मॉल आले, उड्डाणपूल आले. परंतु गरीब माणूस ज्याच्या दारात प्रथम जातो त्या डॉक्टराला क्षयाची औषधे बरोबर लिहिता यावीत, एवढी व्यवस्था या शहराला उभी करता आली नाही. सार्वजनिक दवाखाना दिवसा ठरावीक वेळी उघडतो आणि कामगाराची मजुरीही त्याच वेळेत बुडते. म्हणून तो संध्याकाळी गल्लीतल्या खाजगी दवाखान्यात जातो. साध्या तापाला, खोकल्याला, जुलाबाला तेथे जी फ्लुरोक्विनोलोन गटातील औषधे सर्रास दिली जातात, तीच औषधे प्रतिरोधक क्षयाच्या उपचाराचा कणा आहेत. २०२२ च्या अभ्यासात हाच कणा मोडत असल्याचे दिसले, यात आश्चर्य ते काय?

तिसरे आणि सर्वांत मोठे नाव आहे ते घरांचे. येथे मद्रासच्या त्या केंद्राचीच आठवण पुन्हा काढावी लागते. झोपडीत राहणारा, निकृष्ट अन्न खाणारा रुग्णही नियमित औषधे मिळाल्यास आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो, हे त्या केंद्राने १९५९ मध्ये सिद्ध केले. गरिबांच्या दृष्टीने तो मोठा विजय होता. आरोग्यधामातील खाटेची वाट पाहत मरण्याची पाळी त्याने संपविली. परंतु राज्यकर्त्यांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला : गोळी असली की घर व अन्न यांचा प्रश्न उरत नाही. रोग बरा होणे आणि रोग पसरणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे सोयीस्करपणे विसरले गेले. एकाला बरे करीपर्यंत त्याच खोलीत, त्याच अंधारात आणखी दोघांना संसर्ग होत असेल, तर गोळ्यांचा हिशेब कधीच जुळणार नाही. आता जंतूंची कुळे वाचून प्रसाराचा पुरावाच हाती आला आहे आणि घराचा प्रश्न पुन्हा केंद्रस्थानी आला आहे.

या बाबतीत ट्रॉम्बे परिसराचा इतिहास बोलका आहे. अणुकेंद्राच्या शेजारची जनता कॉलनी आणीबाणीच्या काळात, मे १९७६ मध्ये उठविण्यात आली आणि सुमारे सत्तर हजार माणसांना खाडीलगतच्या दलदलीत, आजच्या चिता कॅम्पमध्ये नेऊन टाकण्यात आले. जॉकिन अर्पुथम यांच्या नेतृत्वाखाली त्या वस्तीने वर्षानुवर्षे दिलेला लढा तेव्हा सत्तेच्या बळावर चिरडला गेला. पुढे लोकशाही पूर्ववत झाली, विकासाची भाषा बदलली, परंतु शहराला नको असलेली माणसे याच कोपऱ्यात आणून टाकण्याची रीत तशीच राहिली. रेल्वेमार्ग, रस्ते व नाले यांच्या प्रकल्पांनी विस्थापित केलेल्या कुटुंबांना मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये व गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये घरे देण्यात आली. ही घरे पक्की आहेत, परंतु इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की दोहोंमध्ये जेमतेम तीन मीटरचे अंतर राहते.

डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईतील संशोधकांसह एम पूर्व विभागातील तीन पुनर्वसन वसाहतींची पाहणी केली. त्यात चार हजारांहून अधिक कुटुंबे होती. लल्लूभाई व नटवर पारेख या वसाहतींत सुमारे दर दहा घरांमागे एका घरात क्षयरुग्ण आढळला. अधिक मोकळ्या बांधणीच्या पीएमजीपी वसाहतीत हे प्रमाण शंभरांत एकाच्या आसपास होते. ज्या खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही व वारा खेळत नाही, तेथे रोगाचा भार अधिक. विभाग एकच, माणसे त्याच थरातील, बेरोजगारी आणि प्रदूषणही सारखेच. फरक उजेडाचा व हवेचा. श्रीमंतांच्या इमारतींना लागू असलेले अंतराचे नियम गरिबांच्या पुनर्वसनासाठी शिथिल करण्यात आले ते कोणाच्या सोयीसाठी? जी जमीन वाचली तिच्यावर विक्रीच्या सदनिका उभ्या राहिल्या आणि जे ऊन गेले त्याची किंमत फुप्फुसांनी मोजली. चटईक्षेत्राच्या हिशेबात क्षय कोठेही लिहिलेला नसतो; तो थुंकी तपासणीच्या कागदावर उमटतो.

या संशोधनाचा एक विपरीत उपयोग होण्याचा धोका आहे आणि त्याबद्दल कार्यकर्त्यांनी आतापासूनच सावध असावे. वंशशाखांना संशोधकांनी प्रदेशांची नावे दिली आहेत. प्रतिरोधक जंतूंत मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या दुसऱ्या शाखेतील एका कुळाला ‘बीजिंग’ म्हणतात, कारण त्याचे वर्णन प्रथम तेथील रुग्णांच्या जंतूंवरून झाले. अशा नावांवरून ‘हा रोग बाहेरच्यांनी आणला’ अशी हाकाटी करणारे या शहरात निघणारच नाहीत असे नाही. परप्रांतीयांच्या नावाने राजकारण करण्याची येथे जुनी परंपरा आहे. परंतु कोकणातून आलेला गिरणीकामगार आणि उत्तर प्रदेशातून आलेला जरीकामगार यांना एकाच जंतूने गाठले ते एकाच शहराच्या कोंदट खोल्यांत. जंतू कोठून आला हा इतिहास आहे. तो येथे का फोफावला हे राजकारण आहे. तशीच काळजी रुग्णांच्या नावांची. संसर्गाची साखळी उलगडताना कोणाकडून कोणाला रोग गेला हे गल्लीत जाहीर होऊ लागले, तर मुलींची लग्ने मोडतील, माणसे कामावरून निघतील आणि रुग्ण दवाखान्यापासून दूर पळतील. कुळांची माहिती वस्ती सुधारण्यासाठी वापरावयाची, माणसाला डागण्यासाठी नव्हे, हा दंडक कडक असला पाहिजे.

औषधांच्या मालकीचा प्रश्नही येथेच येतो. प्रतिरोधक क्षयावर चाळीस वर्षांनंतर आलेले नवे औषध बेडाक्विलिन हे अमेरिकेत २०१२ च्या अखेरीस मान्य झाले. एकाधिकार लांबविण्यासाठी जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने त्याच औषधाच्या क्षाररूपावर भारतात वेगळे एकस्व मागितले. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन व दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या दोघींनी त्याला हरकत घेतली. दोघीही क्षयातून वाचलेल्या, आणि जुन्या विषारी औषधांपायी श्रवणशक्ती गमावलेल्या. मार्च २०२३ मध्ये भारतीय एकस्व कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि मूळ एकस्वाची मुदत त्याच वर्षी जुलैत संपली. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने बेडाक्विलिनवर आधारित सहा महिन्यांच्या उपचाराला मान्यता दिली. पूर्वी याच रोगाचा उपचार वीस महिन्यांपर्यंत चाले. परंतु बेडाक्विलिनलाही न जुमानणारे जंतू जगात आढळू लागले आहेत. कोंदट खोल्या तशाच राहिल्या तर हे हत्यारही पूर्वीच्या हत्यारांप्रमाणे बोथट होईल.

क्षय २०२५ पर्यंत हद्दपार करण्याची घोषणा केंद्र सरकारने २०१८ मध्ये मोठ्या थाटात केली होती. ती मुदत सरली. क्षय गेलेला नाही, आणि जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा अजून याच देशात आहे. घोषणेऐवजी आता मागण्यांची भाषा बोलावी लागेल. प्रत्येक प्रतिरोधक रुग्णाच्या जंतूचे संपूर्ण वाचन सरकारी खर्चाने व्हावे आणि त्याचा अहवाल नियतकालिकात छापून येण्याआधी त्या रुग्णाच्या डॉक्टरच्या हाती पडावा. दवाखान्यातील यंत्र आज प्रामुख्याने रिफाम्पिसिनचा प्रतिकार ओळखते. तेवढ्यावर भागणार नाही. औषधांचा पुरवठा एक दिवसही खंडित होऊ नये आणि झाल्यास जबाबदार अधिकाऱ्याचे नाव जाहीर व्हावे. दवाखाने संध्याकाळी उघडे राहावेत. पुनर्वसनाच्या नव्या इमारतींना अंतराच्या व उजेडाच्या बाबतीत एकही सवलत मिळू नये, आणि उभ्या असलेल्या वसाहतींत खालच्या मजल्यांवर हवा खेळविण्याची व्यवस्था त्यांच्या मालक असलेल्या प्राधिकरणांनी स्वखर्चाने करावी.

अन्नाचा प्रश्न तर सर्वांच्या आधीचा. डॉ. अनुराग भार्गव व सहकाऱ्यांनी झारखंडमध्ये केलेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रुग्णाच्या घरच्या माणसांना पुरेसे धान्य व डाळ दिल्याने त्यांच्यात क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. सरकार रुग्णाला दरमहा ५०० रुपये देत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० केले. या रकमेत एका माणसाचेही नीट पोषण होत नाही, मग कुटुंबाचे कोठून होणार? आणि मजुरीचे काय? राज्य विमा योजनेत असलेल्या कामगाराला क्षयासाठी दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के भरपाई मिळू शकते. हा हक्क कामगार चळवळीने झगडून टिकविला आहे. परंतु देवनारच्या कचऱ्यातून भंगार वेचणारी स्त्री, गोवंडीच्या खोलीत जरी भरणारा कारागीर आणि नाक्यावरचा मजूर या कायद्याच्या बाहेर आहेत. ज्यांना हा रोग सर्वाधिक होतो त्यांनाच आजारपणाची रजा नाही, हे या व्यवस्थेचे खरे रूप.

कार्यकर्त्यांचे काम येथून सुरू होते. वस्तीतील प्रत्येक शाखेने आपल्या भागातील क्षयरुग्णांच्या औषधांच्या तुटवड्याची नोंद ठेवावी, आरोग्यसेविकांच्या मानधनाच्या व कायम नेमणुकीच्या लढ्याला साथ द्यावी, आणि नवी पुनर्वसन योजना आली की पहिला प्रश्न चौरस फुटांचा न विचारता उजेडाचा विचारावा. शास्त्रज्ञांनी आपले काम केले आहे. रुग्णाच्या थुंकीतील जंतूचे अक्षर न् अक्षर वाचून त्यांनी पुरावा समाजापुढे ठेवला आहे. आता तो पुरावा महापालिकेच्या सभागृहात, प्राधिकरणाच्या दारात आणि कामगारांच्या मोर्चात मांडावयाचा आहे. ते काम प्रयोगशाळा करणार नाही. ते संघटित माणसांनाच करावे लागेल.